पानांचा चहा पहिल्यांदा करताना : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आलं-वेलची घालून, दूध ओतून, दोन उकळ्या आणलेला चहा ज्या घरात रोज होतो, त्या घरासाठी हे प्रश्न आहेत. तो चहा सोडायची काहीच गरज नाही. पानांचा चहा हा त्याचा भारी भाऊ नव्हे, तो वेगळाच पदार्थ आहे. पोहे आणि भात दोन्ही तांदळाचेच, पण पोहे कुणी कुकरला लावत नाही. एवढी एक गोष्ट हाताला कळली की बाकीचं सोपं आहे.

वाण्याकडे मिळतो तो सुटा चहा म्हणजेच लूज लीफ ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जांभळी नाक्याला किंवा वाशीच्या एपीएमसी भागात तुम्ही "सुटा चहा द्या" म्हणालात, तर डब्यातून मोजून जे मिळतं ती बहुधा सीटीसी पावडर असते. सीटीसी म्हणजे क्रश, टेअर, कर्ल. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, गोल दाणे करतात. हे यंत्र १९३०च्या दशकात आसाममध्ये आलं आणि आज भारतात तयार होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा आहे. दाणा बारीक, पानाच्या पेशी पूर्ण फुटलेल्या, म्हणून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. दुधाच्या चहाला हाच हवा.

लूज लीफ म्हणजे ऑर्थोडॉक्स पद्धतीचा चहा. पानं पसरून मऊ पडू देतात, वळतात, काळ्या चहासाठी हवेवर तांबूस होऊ देतात आणि मग भट्टीत वाळवतात. पान बरंचसं शाबूत राहतं. दुकानात "ऑर्थोडॉक्स" हाच शब्द वापरा. ओळखायला सोपं आहे: चिमूटभर चहा गरम पाण्यात टाका, पाच मिनिटांनी चोथ्यात पानाचे तुकडे, कडा, शिरा दिसल्या तर तो पानांचा चहा.

हिरवा, पांढरा, ऊलाँग, काळा ही वेगवेगळी झाडं आहेत का?

झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पान खुडल्यावर त्याचं काय केलं, यात आहे. हिरव्या चहाचं पान लगेच तापवतात, त्यामुळे ते हिरवं राहतं. काळ्याला पूर्ण तांबूस होऊ देतात. ऊलाँग या दोन्हींच्या मधला. पांढऱ्याला जवळजवळ हात लावत नाहीत, नुसता वाळवतात. गवती चहा, तुळस, जास्वंद यांचा या झाडाशी संबंध नाही. त्यात कॅफिन नसतं आणि ते खुशाल उकळावेत.

पहिल्यांदा कोणता घ्यावा?

बहुतेक जण हिरव्या चहापासून सुरुवात करतात, उकळत्या पाण्यात बुडवतात, कडू लागतो म्हणून ठेवून देतात आणि सहा महिन्यांनी डबा टाकून देतात. म्हणून आमचं स्पष्ट मत: हिरवा चहा सगळ्यात शेवटी.

कडक दुधाच्या चहाची सवय असेल तर आसाम ऑर्थोडॉक्स, शक्यतो सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनच्या तोडणीचा. भरदार अंग, माल्टसारखी गोडसर चव, तांबडा रंग. जिभेला ओळखीचं वाटेल असं त्यात बरंच काही असतं. पाणी थोडं जास्त गरम झालं तरी हा चहा सांभाळून घेतो. तुरटपणा फारसा आवडत नसेल, तर निलगिरी घ्या. तो स्वच्छ, हलका असतो आणि लिंबाबरोबरही चांगला लागतो.

दुसरी खरेदी दार्जिलिंग सेकंड फ्लशची. त्यातला द्राक्षासारखा वास, ज्याला मस्कटेल म्हणतात, तो बिनदुधाचाच कळतो. दार्जिलिंग फर्स्ट फ्लश (फेब्रुवारीअखेर ते एप्रिल) नावाजलेला आणि महाग असतो, पण त्याचा रंग फिकट सोनेरी आणि चव हिरवट. कडक चहाची सवय असलेल्याला पहिल्याच कपात तो "पाणी" वाटतो. दोन-तीन महिन्यांनी त्याच्याकडे वळा. हिमाचलच्या कांगड्याचा चहाही याच वाटेवर चाखण्यासारखा आहे.

गुलाब, चॉकलेट, आंबा असे वास लावलेले चहा आणि नक्षीदार डब्यांतले भेटसंच सुरुवातीला नकोत. लावलेल्या वासाखाली पान कसं आहे ते कळत नाही.

किती घ्यायचा? परवडतो का?

प्रत्येकी ५० ग्रॅमची दोन पाकिटं. एका कपाला २.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ५० ग्रॅममध्ये २० कप. समजा १०० ग्रॅमला ५०० रुपये पडले, तर एक कप साडेबारा रुपयांना आणि तीच पानं दुसऱ्यांदा वापरली तर सव्वासहाला. एक किलो स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. आपल्या हवेत तो संपायच्या आत मरतो.

पाकिटावर एफटीजीएफओपी वगैरे लिहिलेलं असतं, ते काय?

पानाचा आकार आणि त्यात कोवळ्या कळ्या किती, हे सांगणारी ती प्रत आहे. ओपी म्हणजे लांब अखंड पान, बीओपी म्हणजे तुटलेलं, फॅनिंग्ज आणि डस्ट म्हणजे चुरा. अक्षरं वाढली म्हणजे चव वाढली असं नाही. त्याहून उपयोगी माहिती म्हणजे बागेचं नाव, तोडणीचा हंगाम, वर्ष आणि पॅकिंगची तारीख. पाकिटावर यातलं काहीच नसेल, फक्त "प्रीमियम" असेल, तर पुढचं पाकीट बघा. दार्जिलिंगच्या बाबतीत टी बोर्डाचा दार्जिलिंगचा लोगो शोधा. या चहाला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते मिळवणारं ते भारतातलं पहिलं उत्पादन.

काय काय सामान लागतं?

घरात आहे ते चालतं: झाकणाचं छोटं स्टीलचं पातेलं, बारीक जाळीची गाळणी, कप. विकत घ्यायचीच तर एक गोष्ट घ्या, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. चमच्यावर विसंबू नका. वळलेल्या दार्जिलिंगचा चमचा साधारण २ ग्रॅम भरतो, गोळीसारख्या ऊलाँगचा ३ च्या आसपास, आणि फुललेल्या पांढऱ्या चहाचा १ ग्रॅमही नाही.

साखळीला लटकणारी गोल जाळीची डबी घेऊ नका. ओलं पान तिपटी-चौपटीने फुगतं; डबीत ते कोंडलं की मधल्या पानांपर्यंत पाणीच पोचत नाही. कपात बसणारी खोल, रुंद जाळीची टोपली चांगली. फ्रेंच प्रेस असेल तर तीही चालते, फक्त दांडा खाली दाबून पानं पिळू नका.

पातेलं मात्र या चहासाठी वेगळं ठेवा. ज्यात काल फोडणी झाली किंवा आल्याचा चहा उकळला, त्याचा वास घासूनही पूर्ण जात नाही, आणि हा चहा तो वास लगेच दाखवतो.

पहिला कप नेमका कसा करायचा?

एका कपासाठी, आसाम किंवा निलगिरी धरून:

१. २५० मिली ताजं पाणी तापत ठेवा. खळखळून उकळी आली की गॅस बंद. सकाळपासून तीनदा उकळलेलं पाणी परत वापरू नका.

२. त्यातलं ५० मिली रिकाम्या पातेल्यात किंवा मगात ओतून फिरवा आणि टाकून द्या. थंड स्टील किंवा चिनी माती पहिल्या अर्ध्या मिनिटात पाण्याची बरीच उष्णता खाते.

३. तापलेल्या भांड्यात २.५ ग्रॅम पानं घाला. आता वास घेऊन बघा. कोरड्या पानापेक्षा तो दुप्पट खुललेला असतो.

४. वरून उरलेलं २०० मिली पाणी ओता आणि झाकण ठेवा. गॅसवर नाही, ओट्यावर.

५. घड्याळ लावून साडेतीन मिनिटं. ढवळायचं नाही.

६. पूर्ण गाळून घ्या, शेवटच्या थेंबापर्यंत. गाळणीवर चमचा दाबू नका. चोथा पिळला की कडवट रस उतरतो.

पहिले दोन घोट साखर न घालता घ्या आणि मग ठरवा. चौघांसाठी ८०० मिलीला ९ ते १० ग्रॅम, वेळ तेवढीच.

बाकी चहांची मापं: दार्जिलिंग सेकंड फ्लश ९० ते ९५ अंश, ३ ते ४ मिनिटं. फर्स्ट फ्लश ८५ ते ९० अंश, अडीच ते तीन मिनिटं. ऊलाँग ९० ते ९५, तीन मिनिटं. पांढरा ८० ते ८५, चार ते पाच मिनिटं. हिरवा ७५ ते ८० अंश आणि फक्त दोन मिनिटं.

घरात थर्मामीटर नाही. ८० अंश कसे ओळखायचे?

वाटीने. ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीला, म्हणून पाणी १०० अंशांना उकळतं, आणि घरातलं साधं पाणी बहुतेक महिने २७-२८ अंशांचं असतं. तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधं पिण्याचं पाणी घातलं की मिश्रण ८२ अंशांच्या आसपास येतं; भांड्यात ओतेपर्यंत ८०. दोनास एक घातलं तर ७६. नऊ वाट्यांना एक घातलं तर ९३. फ्रिजचं पाणी या हिशेबात धरू नका.

चहा कडू होतो. चहा खराब आहे का?

बहुधा नाही. पाणी फार गरम किंवा वेळ फार जास्त, दोनपैकी एक. पानातली गोडसर आणि वासाची द्रव्यं आधी उतरतात, तुरट द्रव्यं नंतर, आणि पाणी जितकं गरम तितकी ती भराभर येतात. म्हणून पातेल्यात पानं टाकून पाच मिनिटं उकळलं की वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे तुरटपणा उरतो. महागातला महाग चहाही असा बिघडतो.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वेळ अर्ध्या मिनिटाने कमी करा. तरीही कडू असेल तर पाणी पाच अंशांनी उतरवा. पानांचं वजन शेवटी. तिन्ही एकदम बदललं तर काय चुकत होतं ते कधीच कळणार नाही.

कडू आणि तुरट यांत गल्लत करू नका. कडू जिभेवर लागतं. तुरटपणा म्हणजे गालाच्या आतून येणारी ओढ, कच्च्या पेरूसारखी. आसाममध्ये थोडी ओढ हवीच, तिनेच चहा जिवंत लागतो. आणि एक नेहमीचं कारण: वेळ झाल्यावरही पानं कपातच राहिलेली. टोपली बाहेर काढली नाही, फोन आला, दहा मिनिटं गेली. मुरायची वेळ संपली की पानं आणि पाणी वेगळं झालंच पाहिजे.

उलट, अगदी पाणचट लागतो. मग जास्त वेळ ठेवू?

वेळ वाढवू नका, पानं वाढवा. वेळ वाढवून कडकपणा येत नाही, कडवटपणा येतो. २.५ चे ३ ग्रॅम करून बघा. पातेलं आधी तापवलं होतं का, तेही तपासा. आणि रंगावर जाऊ नका. दुधाच्या चहात रंग बघून अंदाज घ्यायची आपल्याला सवय आहे, पण फर्स्ट फ्लश नीट झाला तरी फिकटच असतो.

पाण्याने इतका फरक पडतो? आमच्याकडे टँकर येतो.

पडतो, आणि घोडबंदर रोडवरच्या अनेक सोसायट्यांत चहा बिघडण्याचं कारण पानं नसून पाणी असतं. महापालिकेचं पाणी धरण-नदीचं आहे, ठाण्याला भातसा-उल्हासचं, नवी मुंबईला मोरब्याचं. ते मऊ असतं आणि चहाला छान. बोअरवेलचं किंवा बोअर मिसळलेलं टँकरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी जोडलं जाऊन वर सायीसारखा तपकिरी तवंग येतो, कपाला कड धरते, रंग काळपट आणि चव मेलेली. तवंग दिसला की समजा, पाणी जड आहे. किटलीत पांढरा थर जमणं हीसुद्धा तीच खूण.

उलट टोकही वाईट. आरओ मशिनचं पाणी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) २०-३० वर उतरवलेलं असेल तर चहा सपाट लागतो, कारण चवीला लागणारे क्षारच उरत नाहीत. ५० ते १५० च्या दरम्यान असावं. घरात दोन्ही असेल तर आरओ आणि नळाचं उकळलेलं पाणी अर्धं-अर्धं करून बघा. महापालिकेचं पाणी असूनही क्लोरीनचा वास येत असेल, तर ते तासभर उघड्या भांड्यात ठेवा किंवा झाकण न ठेवता उकळा.

दूध घातलं तर चालतं का? साखर?

आसामला चालतं. अडीचऐवजी ३.५ ग्रॅम पानं, पाच मिनिटं मुरवा, गाळा आणि वरून एक-दोन चमचे गरम दूध. दुधातली प्रथिनं तुरट द्रव्यांना धरून ठेवतात, त्यामुळे ओढ कमी होते. दूध पानांबरोबर उकळू नका. दार्जिलिंग, हिरवा, पांढरा यांत दूध घातलं तर पैसे वाया गेले असं समजा. साखर चालेल, अर्ध्या चमच्यापर्यंत. लिंबू पिळल्यावर रंग फिका होतो, ते आम्लामुळे. चहा बिघडलेला नसतो. आणि लिंबू व दूध एकत्र घालू नका, दूध फाटतं.

तीच पानं पुन्हा वापरता येतात?

हो. काळा चहा दोनदा, हिरवा दोन-तीनदा, ऊलाँग चार-पाचदा. प्रत्येक वेळी मिनिटभर जास्त ठेवा. मात्र ओली पानं आपल्या दमट हवेत दोन-तीन तासांच्या पुढे ठेवू नका, आणि रात्रीची सकाळी तर मुळीच नको.

पावसाळ्यात चहा मऊ पडतो. कसा ठेवायचा?

जून ते सप्टेंबर हा इथे चहाचा खरा शत्रू. वाळवलेल्या पानात पाण्याचा अंश अगदी थोडा असतो, आणि ते हवेतून ओलावा आणि वास दोन्ही ओढून घेतं. जुलैत पाकीट उघडं राहिलं तर आठवडाभरात फरक कळतो.

पाकीट आणलं की दोन भाग करा. एक आठवड्या-दोन आठवड्यांपुरता छोट्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उरलेला मूळ चंदेरी पाकिटात, हवा दाबून काढून, क्लिप लावून, वर दुसरा डबा. डबा जितका भरलेला तितका चांगला, कारण रिकाम्या जागेत दमट हवा बसते. काचेची बरणी खिडकीत मांडू नका, उजेडानेही चव जाते. ओल्या चमच्याने काढू नका. वाफ येत असताना, म्हणजे कुकरच्या शेजारी उभं राहून, डबा उघडू नका.

आणि मसाल्याच्या डब्यापासून, विशेषतः हिंगापासून, लांब. गोडा मसाला आणि चहा एका फळीवर असले तर महिन्याभरात चहाला त्याचा वास लागतो. फ्रिजही नको: बाहेर काढल्याबरोबर पाकिटाच्या आत दव धरतं.

तपासणी सोपी आहे. पान बोटांत चुरडा. कुरकुरीत तुटलं तर ठीक. वाकलं, चिवट लागलं तर तो आधी संपवा. कुबट वास, पांढरट बुरशी, गठ्ठे दिसले तर सगळा टाका, भाजून वाचवायला जाऊ नका. नीट ठेवला तर हिरवा आणि फर्स्ट फ्लश सहा महिने ते वर्षभर, बाकी काळे चहा दीड-दोन वर्षं टिकतात.

ऐरोली-महापेला ऑफिस आहे. तिथे कसा करायचा?

घरी २.५ ग्रॅमच्या पुड्या करून ठेवा, ऑफिसात झाकणाचा मग आणि टोपली. पँट्रीच्या मशिनचं गरम पाणी सहसा उकळतं नसतं. काळ्या चहाला ते थोडं कमी पडतं, म्हणून पाच मिनिटं ठेवा. हिरव्याला तेच पाणी जरा जास्त गरम, त्यात थोडं साधं पाणी मिसळा. घरून थर्मासमध्ये नेत असाल तर पानं गाळूनच भरा आणि दोन-तीन तासांत प्या. त्यानंतर तो शिजल्यासारखा लागतो. ज्या थर्मासमध्ये कॉफी नेता, तो नको.

मे महिन्यात गरम चहा नको वाटतो. थंड होतो का?

फार छान होतो, आणि बिघडवणं जवळजवळ अशक्य. एक लिटर पिण्याच्या पाण्यात ८ ते १० ग्रॅम पानं, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये, सहा ते आठ तास. सकाळी गाळा. थंड पाण्यात तुरट द्रव्यं कमी उतरतात, म्हणून साखरेशिवाय गोडसर लागतो. निलगिरी आणि दार्जिलिंग यासाठी उत्तम. बाहेर ओट्यावर मुरत ठेवू नका, आपल्या उकाड्यात ते सुरक्षित नाही. गाळल्यावर दोन दिवसांत संपवा.

गरम केलेला काळा चहा फ्रिजमध्ये ठेवल्यावर गढूळ होतो, तो खराब झालेला नसतो. थंडाव्यात कॅफिन आणि चहातली द्रव्यं एकमेकांना चिकटतात. थोडं उकळतं पाणी घातलं की परत स्वच्छ होतो.

यात कॅफिन कमी असतं ना? पित्त होणार नाही ना?

२०० मिली काळ्या चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. पानांचा आहे म्हणून त्यात कॅफिन नाही असं नाही. झोपेची तक्रार असेल तर संध्याकाळी पाचनंतर नको. रिकाम्या पोटी, विशेषतः हिरवा चहा, अनेकांना मळमळ आणि पित्त करतो. आधी काहीतरी खा. हिरवा चहा वजन उतरवणारं औषध नाही, त्यासाठी तो घेऊ नका.

रक्तात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर कोणताही चहा टाळा. चहातली द्रव्यं भाजी-धान्यातलं लोह अडवतात. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा, कांदेपोह्यांबरोबरच्या कपालाही हे लागू आहे.

सुट्या घेतलेल्या चहात रंग मिसळलाय का, कसं बघायचं?

गाळणकागद किंवा पांढरा टिपकागद घ्या, चिमूटभर पानं पसरा, थोडं थंड पाणी शिंपडून कागद भिजवा, मग पानं झटकून कागद नळाखाली धरा आणि उजेडात बघा. शुद्ध चहाचे डाग पडत नाहीत. कृत्रिम रंग असेल तर ठळक काळपट-तपकिरी डाग राहतात.

उरलेला चोथा झाडांना घालू का?

घाला, पण बिनदुधाचा, बिनसाखरेचा. नाहीतर मुंग्या लागतात. आधी पिळून वर्तमानपत्रावर वाळवा आणि मातीत मिसळा. पावसाळ्यात वरून जाड थर दिला तर दोन दिवसांत बुरशी धरते, तेव्हा एका कुंडीला एक मूठ, महिन्यातून एकदा, एवढं पुरे.